वर्डप्रेसमध्ये ज्याचं पान त्याच्याच हाती: प्रत्येकाला नेमका प्रवेश कसा द्यावा

आमच्या वाचनालयाची वेबसाइट वर्डप्रेस या वेबसाइट चालवण्याच्या प्रणालीवर आहे आणि तिच्या अ‍ॅडमिन खात्याचा पासवर्ड एके काळी सात जणांकडे होता. कार्यकारिणीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात तो सगळ्यांना दिसेल असा पडलेला होता. एका शनिवारी कुणीतरी नव्या पुस्तकांची यादी चढवायला बसलं आणि ती वेळापत्रकाच्या पानावर चिकटवून मोकळं झालं. दोन दिवस वेळापत्रक गायब होतं. सुट्टीच्या दिवशी लांबून आलेले वाचक बंद दारावरून परत गेले. मी रिव्हिजन, म्हणजे पानाच्या जुन्या आवृत्त्यांची नोंद, उघडून पाहिल्या, तर प्रत्येक बदलापुढे एकच नाव होतं: अ‍ॅडमिन. चूक कुणाची हे शोधून कुणाला बोल लावायचा नव्हता. पण ज्याच्याकडून ती झाली त्याला नीट दाखवून देण्याची सोयही उरली नव्हती, याचं मला फार वाईट वाटलं.

त्यानंतर प्रत्येक पान नेमक्या माणसाच्या हाती देण्याची जी पद्धत बसवली, ती इथे पायरीपायरीने सांगतो. उदाहरण वाचनालयाचं असलं तरी गृहनिर्माण संस्था, शाळा, महाराष्ट्र मंडळ, ट्रस्ट, जिथे पानं बरीच आणि हात अनेक, तिथे हीच पद्धत चालते.

आधी कागद घ्या

संगणकाला हात लावण्याआधी एका कागदावर पानांची नावं एकाखाली एक लिहा. प्रत्येकापुढे दोन रकाने करा: हे पान बदलणार कोण, आणि हे पान पाहणार कोण. हे दोन प्रश्न लोक एकत्र करतात आणि गोंधळाची सुरुवात तिथेच होते. बदलण्याचं कुलूप वेगळं, पाहण्याचं कुलूप वेगळं, आणि वर्डप्रेसमध्ये ती लावायची ठिकाणंही वेगळी आहेत.

आमचा कागद साधारण असा झाला. ‘नवी पुस्तकं’ हे पान ग्रंथपाल बदलणार, सगळे पाहणार. ‘जमाखर्च’ खजिनदार बदलणार, सगळे पाहणार. ‘व्याख्यानमाला’ दोघी जणी मिळून बदलणार. ‘सभेचं इतिवृत्त’ सचिव बदलणार आणि फक्त कार्यकारिणी पाहणार. मुखपृष्ठ आणि वेळापत्रक मात्र अ‍ॅडमिनशिवाय कुणी बदलायचं नाही. या कागदासाठी आम्हाला एक अख्खी बैठक लागली, आणि ती लागू द्यावी. ‘मलाही असू दे की परवानगी’ असं म्हणणारा एक तरी असतोच. तो प्रश्न बैठकीत मिटलेला बरा.

वर्डप्रेस मुळात काय देतं आणि काय देत नाही

नव्याने बसवलेल्या वर्डप्रेसमध्ये पाच रोल, म्हणजे भूमिका, तयार मिळतात: अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, एडिटर, ऑथर, कॉन्ट्रिब्युटर आणि सबस्क्रायबर. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरला सगळं करता येतं. एडिटरला सगळ्यांच्या पोस्ट (तारखेनुसार येणारे लेख) आणि सगळी पानं बदलता येतात, पुसताही येतात. ऑथर आणि कॉन्ट्रिब्युटर यांना पानांना हातच लावता येत नाही, त्यांचा कारभार पोस्टपुरता असतो. हे अनेकांना माहीत नसतं. ऑथर रोल दिला की आपल्या माणसाला त्याचं पान बदलता येईल असं आपण समजतो. तो लॉगिन करतो तर डाव्या पट्टीत ‘पेजेस’ हा शब्दच दिसत नाही, मग वैतागून आपण त्याला एडिटर करून टाकतो. तेवढ्याने त्याच्या हाती सगळी वेबसाइट जाते.

प्रत्येक रोल म्हणजे बारीक परवानग्यांचा गठ्ठा. पानांच्या बाबतीत महत्त्वाच्या परवानग्या अशा: ‘एडिट पेजेस’ म्हणजे स्वतःची पानं लिहिणं, ‘एडिट पब्लिश्ड पेजेस’ म्हणजे स्वतःचं प्रकाशित झालेलं पान बदलणं, ‘एडिट अदर्स पेजेस’ म्हणजे दुसऱ्याच्या नावावरचं पान बदलणं, ‘पब्लिश पेजेस’ म्हणजे प्रकाशित करणं. पुसण्याच्या परवानग्यांचाही असाच वेगळा संच आहे.

आता खरी मेख लक्षात घ्या. ‘अमुक व्यक्तीला तमुक पान’ असं सांगण्याची थेट जागा वर्डप्रेसच्या मूळ रचनेत नाही. त्याला रोल कळतात. माणूस आणि पान यांना जोडणारा एकच धागा आहे, तो म्हणजे पानाचा ‘ऑथर’. पान कुणाच्या नावावर आहे हे वर्डप्रेस पाहतं, आणि नाव दुसऱ्याचं असेल तर ‘एडिट अदर्स पेजेस’ मागतं. ही परवानगी नसलेला रोल तयार करायचा आणि पान त्या माणसाच्या नावावर करायचं, की काम झालं. पुढचं जवळजवळ सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

तयारी

पूर्ण बॅकअप घ्या, डेटाबेस आणि फाइली दोन्हींचा. आणखी एक अ‍ॅडमिन खातं वेगळ्या ईमेलवर तयार करून ठेवा. रोलमध्ये फेरफार करताना चुकून स्वतःचीच परवानगी काढून टाकणारे लोक मी पाहिले आहेत, आणि अशा वेळी दुसरं खातंच वाचवतं. मग ‘प्लगिन्स’मध्ये जाऊन ‘मेंबर्स’ हे प्लगिन, म्हणजे वर्डप्रेसला जादा सोय जोडणारा छोटा प्रोग्राम, बसवा. रोल घडवायला ‘युजर रोल एडिटर’ हेही चांगलं प्लगिन आहे. मला मेंबर्स पसंत आहे, कारण परवानग्या विषयवार लावलेल्या दिसतात आणि एका माणसाला एकाहून जास्त रोल देता येतात. याचा उपयोग पुढे येईल. दोन्ही एकदम मात्र बसवू नका.

नवा रोल घडवणं

मेंबर्सच्या मेनूत रोल्समध्ये जाऊन नवा रोल तयार करा. नाव मराठीत चालतं, आम्ही ‘पान सांभाळणारे’ असं ठेवलं. रोलचं आतलं ओळखनाव मात्र रोमन अक्षरांत आणि छोटं द्या, तिथे देवनागरी टिकत नाही.

आता परवानग्या. ‘रीड’ द्या, नाहीतर डॅशबोर्ड, म्हणजे लॉगिननंतरचं आतलं पानच, उघडणार नाही. ‘एडिट पेजेस’ आणि ‘एडिट पब्लिश्ड पेजेस’ द्या. छायाचित्रं किंवा पीडीएफ चढवायची असतील तर ‘अपलोड फाइल्स’ द्या. ही दिली की मीडिया लायब्ररीतल्या इतरांनी चढवलेल्या फाइलीही त्या माणसाला दिसतात हे ध्यानात असू द्या. ‘एडिट अदर्स पेजेस’ देऊ नका, आणि पुसण्याची एकही परवानगी देऊ नका. प्रत्येक परवानगीपुढे ग्रँट (द्या) आणि डिनाय (नाकारा) अशा खुणा असतात; जिथे दोन्ही नाहीत, ती परवानगी मिळत नाही. डिनाय विचार करूनच वापरा, कारण एकाच माणसाला दोन रोल असतील तर एका रोलमधला डिनाय दुसऱ्यातल्या ग्रँटवर मात करतो.

‘पब्लिश पेजेस’ द्यावी की नाही, यावर मी बराच घोळलो. तर्काने वाटतं की देऊ नये: खजिनदाराने बदल करावा, आपण पाहावा, मग तो प्रकाशित व्हावा. वर्डप्रेस तसं करत नाही. आधीच प्रकाशित असलेलं पान ही परवानगी नसलेल्या माणसाने ब्लॉक एडिटरमध्ये (पान लिहिण्याच्या नेहमीच्या खिडकीत) बदललं, की बटणावर ‘सबमिट फॉर रिव्ह्यू’ येऊ शकतं. ते दाबलं तर अख्खं पान ‘पेंडिंग’ अवस्थेत जातं, म्हणजे जुना मजकूरही वाचकांसमोरून नाहीसा होतो. जमाखर्चाचं पान वार्षिक सभेच्या आदल्या दिवशी असं गायब झालं तर काय होईल, विचार करा. म्हणून मी ही परवानगी देतो. त्याची किंमत अशी की तो माणूस स्वतःच्या नावाने नवं पानही तयार करून प्रकाशित करू शकतो. ते पान मेनूत आपोआप येणार नाही अशी सेटिंग ठेवली आणि अधूनमधून पानांची यादी पाहिली, तर हा धोका फार छोटा आहे. पान पुसता आलं नाही तरी ते ‘ड्राफ्ट’ करून झाकता येतं, हेही त्या माणसाला आधीच सांगून ठेवा, म्हणजे ते बटण अजाणता दाबलं जाणार नाही.

मेनू, विजेट, थीम यांना या रोलमधून हात लागत नाही. त्या परवानग्या वेगळ्या आहेत आणि त्या अ‍ॅडमिनकडेच राहू द्या.

माणसांची खाती

‘युजर्स’मध्ये ‘अ‍ॅड युजर’ करून प्रत्येकाचं स्वतंत्र खातं काढा. खातं माणसाच्या नावाने काढा, पदाच्या नावाने नको. ‘खजिनदार’ नावाचं खातं काढलं तर दोन वर्षांनी पद बदलतं, जुना पासवर्ड नव्या माणसाकडे जातो, जुन्याकडेही राहतो, आणि आपण व्हॉट्सअ‍ॅप गटाच्या काळात परत येतो. युजरनेम नंतर डॅशबोर्डमधून बदलता येत नाही, म्हणून ते नीट विचार करून द्या. पासवर्ड तुम्ही ठरवून कळवू नका. वर्डप्रेस पासवर्ड लावण्याचा दुवा ईमेलने पाठवतं, तो माणसाने स्वतः उघडावा. आमच्याकडे ज्येष्ठ सभासदांना हे जड गेलं. मी शेजारी बसून, त्यांच्याच फोनवर, त्यांच्याच हाताने ते करून घेतलं. अर्धा तास गेला, पण पुढे कुणाचा पासवर्ड मला कधी माहीत करून घ्यावा लागला नाही.

पान माणसाच्या नावावर करणं

ब्लॉक एडिटरमध्ये उजवीकडच्या पट्टीत ‘ऑथर’ दिसतो, आणि साहजिकच तुम्ही तिथे नाव शोधाल. बऱ्याचदा ते तिथे सापडत नाही. याचं कारण जुनं आहे. २००५ च्या डिसेंबरात आलेल्या २.० आवृत्तीआधी वर्डप्रेसमध्ये रोल नव्हते, ० ते १० अशा पातळ्या होत्या. त्या पातळ्यांचा अंश आतमध्ये अजून शिल्लक आहे आणि ही यादी त्यावर अवलंबून असते. आपण घडवलेल्या नव्या रोलला पातळी नसते, म्हणून माणूस यादीतून गळतो. मी पहिल्यांदा यात एक संध्याकाळ घालवली होती.

वाट सोपी आहे. ‘पेजेस’च्या यादीत जा, पानाच्या नावावर माउस न्या, ‘क्विक एडिट’ दाबा. तिथल्या ऑथरच्या यादीत ‘एडिट पेजेस’ असलेले सगळे येतात. नाव निवडा, ‘अपडेट’ करा. कागदावरच्या प्रत्येक पानासाठी हेच करा. थीम जर पानाखाली लेखकाचं नाव छापत असेल, तर ते आता वाचकांना दिसेल. नको असेल तर थीमच्या सेटिंगमध्ये बंद करा.

तपासणी

हे काम उरकून टाकू नका. ब्राउझरची खासगी खिडकी उघडून चाचणीसाठी काढलेल्या खात्याने लॉगिन करा. ‘युजर स्विचिंग’ नावाचं प्लगिन वापरलंत तर अ‍ॅडमिन खात्यातून कुणाच्याही खात्यात जाऊन पाहता येतं, पासवर्ड लागत नाही. पानांच्या यादीत इतर पानांची नावं दिसू शकतील, पण बदलण्याचा दुवा फक्त स्वतःच्या पानाला असायला हवा. मग एका चाचणी पानावर एक शब्द बदला, जतन करा, आणि दुसऱ्या खिडकीत लॉगिन न करता ते पान दिसतंय का पाहा. मघाशी सांगितलेला पेंडिंगचा घोळ असेल तर तो इथेच उघड होईल. मग दुसऱ्याच्या पानाचा संपादनाचा पत्ता कॉपी करून या खात्यात थेट उघडून बघा. वर्डप्रेसने नकार द्यायला हवा.

एक पान, दोन माणसं

व्याख्यानमालेचं पान दोघी मिळून सांभाळतात, आणि पानाला ऑथर एकच असतो. इथे मूळ रचना तोकडी पडते. ‘को-ऑथर्स प्लस’ हे मोफत प्लगिन एका पानाला अनेक लेखक जोडू देतं आणि जोडलेल्या प्रत्येकाला ते पान बदलता येतं. आमची गरज त्यावर भागली. पानं पन्नासच्या वर आणि माणसं वीस-पंचवीस असतील तर मात्र ‘पब्लिशप्रेस परमिशन्स’ किंवा ‘युजर रोल एडिटर’ यांच्या विकतच्या आवृत्त्यांकडे पाहा. त्यांत व्यक्तीनुसार पानं नेमून देता येतात. पैसे टाकण्याआधी लेखक-पद्धत करून बघा, बहुतेक छोट्या संस्थांना ती पुरते.

दोघींनी एकाच वेळी पान उघडलं तर वर्डप्रेस दुसरीला इशारा देतं आणि ‘टेक ओव्हर’ विचारतं. तिने ते न दाबता आधी फोन करावा, एवढं ठरवून घ्या.

पाहण्याचं कुलूप

आता कागदावरचा दुसरा रकाना, इतिवृत्ताचं पान. इथे लोक सर्वाधिक फसतात, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

वर्डप्रेसमध्ये पान ‘प्रायव्हेट’ करता येतं. ते अ‍ॅडमिन, एडिटर आणि त्या पानाच्या ऑथरला दिसतं, इतर कार्यकारिणी सदस्यांना दिसत नाही. पानाला पासवर्डही लावता येतो. पण तो सगळ्यांना एकच असतो, कुणी पाहिलं हे कळत नाही, आणि एकदा टाकला की त्या ब्राउझरमध्ये १० दिवस पान उघडं राहतं. दोन पानांना सारखाच पासवर्ड असेल तर एक उघडलं की दुसरंही उघडतं. एखादा सदस्य पायउतार झाला की पासवर्ड बदलून पुन्हा सगळ्यांना कळवणं आलं. लग्नाच्या आमंत्रणाच्या पानाला हे ठीक आहे, इतिवृत्ताला नाही.

बरा मार्ग असा. मेंबर्समध्ये ‘कार्यकारिणी’ नावाचा दुसरा रोल करा, त्यात फक्त ‘रीड’ द्या. सदस्यांना त्यांच्या आधीच्या रोलसोबत हाही रोल द्या. एका माणसाला दोन रोल देता येण्याचा उपयोग हाच. मग मेंबर्सच्या सेटिंगमध्ये ‘कंटेंट परमिशन्स’ चालू आहे ना ते पाहा, इतिवृत्ताचं पान उघडा, खालच्या त्याच नावाच्या चौकटीत ‘कार्यकारिणी’वर खूण करा. कुठल्याच रोलवर खूण नसेल तर पान सगळ्यांना दिसतं, हे विसरू नका. पानाचा ऑथर आणि ते पान बदलू शकणारे यांना ते तसंही दिसतंच.

यात झाकला जातो तो पानातला मजकूर. शीर्षक मेनूत आणि यादीत दिसू शकतं, म्हणून ‘अमुक सदस्याविरुद्धची तक्रार’ असं शीर्षक देऊ नका.

आणि सगळ्यात मोठं भगदाड फाइलींचं. इतिवृत्ताची पीडीएफ मीडिया लायब्ररीत चढवून तिचा दुवा पानात दिला, तर पानाला कुलूप आहे, फाइलीला नाही. ज्याच्याकडे फाइलीचा थेट पत्ता आहे त्याला ती लॉगिनशिवाय उघडते, आणि असा पत्ता फॉरवर्ड व्हायला वेळ लागत नाही. म्हणून गोपनीय मजकूर पानातच टाइप करा. फाइलच द्यायची असेल तर फाइलींना संरक्षण देणारं वेगळं प्लगिन घ्या किंवा ती वेबसाइटवर ठेवूच नका. सभासदांचे पत्ते, फोन, देणग्यांचे तपशील हे तर मी कुठल्याही कुलपाखाली वेबसाइटवर ठेवत नाही.

वेग वाढवण्यासाठी पानांच्या तयार प्रती साठवणारं कॅशचं प्लगिन वापरत असाल तर ही बंद पानं कॅशमधून वगळा. नाहीतर एका सदस्यासाठी तयार झालेलं पान साठवलं जाऊन परक्याला दाखवलं जाण्याचा धोका असतो. तपासणी पुन्हा खासगी खिडकीतूनच करा.

जाता जाता एक गोष्ट. नवी वेबसाइट करायची असेल आणि पानागणिक परवानग्या ही तुमची मुख्य गरज असेल, तर जूमला आणि टायपो थ्री या वर्डप्रेससारख्याच दुसऱ्या प्रणालीही पाहा. जूमलामध्ये प्रत्येक लेखावर गटनिहाय परवानग्या लावता येतात. टायपो थ्रीमध्ये प्रत्येक पानाला मालक आणि गट असतो आणि कोण बदलणार, कोण पुसणार हे तिथेच ठरतं. वर्डप्रेस चालू असताना फक्त यासाठी घर बदलावं असं मात्र मी सांगणार नाही.

माणूस पद सोडतो तेव्हा

नवी कार्यकारिणी निवडून आली की त्याच आठवड्यात हे करा. आधी पानं नव्या माणसाच्या नावावर करा. मग जुन्या माणसाचं प्रोफाइल उघडून ‘लॉग आउट एव्हरीव्हेअर’ दाबा, म्हणजे त्याच्या फोनवर आणि घरच्या संगणकावर उघडी राहिलेली लॉगिन बंद होतील. त्यानंतर त्याचे रोल काढून घ्या, खातं लगेच पुसू नका. जुन्या रिव्हिजनमध्ये कुणी काय बदललं हे नावानिशी दिसत राहणं पुढच्या माणसाच्या कामाचं असतं.

काही काळाने खातं पुसायचंच ठरलं, तर वर्डप्रेस विचारतं की या माणसाच्या मजकुराचं काय करू. तिथे दोन पर्याय असतात: सगळं पुसून टाका, किंवा दुसऱ्याच्या नावे करा. घाईत पहिला निवडला तर त्याच्या नावावरची पानं त्याच्याबरोबर जातात. दुसरा निवडा, यादीतून नाव घ्या, आणि बटण दाबण्याआधी ते नाव पुन्हा एकदा वाचा.